"मॅनेजरना विचारून येतो": पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी, शोरूमच्या आतल्या बाजूने

"दोन मिनिटं बसा साहेब, मॅनेजरना विचारून येतो."

गाड्यांच्या शोरूममध्ये मी दोन वर्षं विक्री केली. हे वाक्य त्या काळात किती वेळा म्हटलं, त्याला गणती नाही. काचेच्या केबिनमध्ये जायचो, गिऱ्हाइकाला दिसेल अशा बेताने उभा राहायचो, थोडे हातवारे करायचो. मॅनेजर संगणकावरची नजर न हलवता म्हणायचे, "लगेच जाऊ नकोस, पाच मिनिटं काढ." शेवटचा भाव कुठवर उतरवायचा हे आमचं सकाळच्या मीटिंगमध्येच ठरलेलं असायचं. पाच मिनिटांनी जरा उतरलेला चेहरा घेऊन बाहेर यायचं आणि सांगायचं, "फार भांडलो तुमच्यासाठी." समोरचा माणूस चक्क आभार मानायचा.

सगळे विक्रेते लबाड नसतात. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई एखाद्या कुटुंबाला बेधडक सांगायच्या, "ही गाडी तुम्हाला लहान पडेल, घाई करू नका." त्यांचं टार्गेट महिनोन्‌महिने अपुरं राहायचं आणि मीटिंगमध्ये बोलणी बसायची. पगार थोडका आणि बाकी सगळी कमाई इन्सेंटिव्हवर, अशी रचना असली की माणूस हळूहळू कुठल्या बाजूला झुकतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो. तरी धडधडीत खोटं आम्ही क्वचितच बोलायचो. तशी गरजच पडत नसे. गाडीचा भाव, जुन्या गाडीचे पैसे, कर्ज आणि विमा ही चार निरनिराळी गणितं. ती एकाच कागदावर एकमेकांत मिसळून टाकली की काम झालं. एकीकडे सोडलेलं दुसरीकडे वसूल होतं, आणि गिऱ्हाइकाची नजर ज्या आकड्यावर आहे तेवढाच खाली आलेला दिसतो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये एकच खटपट आहे: ही गणितं सुटी ठेवायची आणि प्रत्येकाचं उत्तर कागदावर घ्यायचं.

पायरी १: शोरूमला जाण्याआधी, घरी

सगळ्यात आधी ठरवा तो एकूण आकडा. किल्ली हातात पडेपर्यंत, कर, नोंदणी, विमा सगळं धरून जास्तीत जास्त किती घालवायचे. मासिक हप्ता नव्हे, एकूण रक्कम. हा आकडा वहीत लिहा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. शोरूमच्या दिव्यांखाली नवी गाडी बघितली की आपणच आपल्याशी वाटाघाटी करायला लागतो. तेव्हा आठवण करून देणारं कुणीतरी लागतं.

दुसरं काम, कर्ज घ्यायचं असेल तर आपल्या बँकेतून आधीच दर विचारून, जमल्यास मंजुरीच घेऊन ठेवा. शोरूममधून मिळणारं कर्ज वाईटच असतं असं नाही, कधीकधी स्वस्तही पडतं. पण तुमच्याकडे तुलनेला काहीच नसेल तर तो सांगेल तो दर. विम्याचंही तेच. त्याच मॉडेलचा हप्ता दोन-तीन कंपन्यांकडून काढून ठेवा. आम्ही गिऱ्हाइकाला जी 'खास सूट' द्यायचो, तिच्यातली बरीचशी विम्याच्या फुगवलेल्या हप्त्यातून परत यायची.

इथेच कर्जाच्या एका गोष्टीवर जरा थांबतो, कारण खरं पाणी तिथे मुरतं. व्याजदर दोन तऱ्हेने सांगता येतो. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे जेवढं देणं उरलंय तेवढ्यावरच व्याज. आणि फ्लॅट, म्हणजे तुम्ही कर्ज फेडत आणलं तरी शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज. समजा १०० घेतले, ५ वर्षांसाठी, '१० टक्के फ्लॅट' दराने. दरवर्षी १० याप्रमाणे व्याज ५०, एकूण फेड १५०, ६० हप्त्यांत वाटली तर महिन्याला अडीच. हाच हप्ता घटत्या शिल्लकेच्या हिशोबात मांडला तर दर १७ टक्क्यांच्या वर जातो. विक्रेता '१० टक्के' म्हणाला तेव्हा खोटं बोलला का? नाही. म्हणून प्रश्न नेमका विचारायचा: "घटत्या शिल्लकेवर वार्षिक दर किती आणि शेवटपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?"

पायरी २: भाव लेखी मागवा, तोही घरूनच

मॉडेल, व्हेरियंट आणि रंग ठरला की तीन-चार विक्रेत्यांना एकच मजकूर पाठवा: या गाडीची सगळं धरून अंतिम किंमत किती, आणि तिच्यातली प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून द्या. फोनवर नको, मेसेज किंवा ईमेल.

उत्तरं तीन प्रकारची येतात. काही जण नीट फोड करून देतात. काही जण नुसता एकूण आकडा देतात; त्यांना पुन्हा विचारा. आणि काही जण म्हणतात, "एकदा या तर खरं, बसून बोलू, तुम्हाला नाराज करणार नाही." आम्हीही हेच म्हणायचो. आलेला माणूस तास-दोन तास घालवतो आणि मग रिकाम्या हाताने परत जायला त्याचाच जीव होत नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. अशा ठिकाणी शेवटी जा, किंवा जाऊच नका.

फोड हातात आली की ओळींचे दोन गट करा. गाडीची मूळ किंमत, सरकारी कर आणि नोंदणीचं शुल्क हे तपासून बघता येतं. त्याखाली हाताळणी, कागदपत्रं, 'आवश्यक' अ‍ॅक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी अशा ओळी येतात. तो विक्रेत्याचा स्वतःचा प्रांत. "हे पॅकेज सक्तीचं आहे, कंपनीचाच नियम आहे" असं सांगितलं तर शांतपणे म्हणा, "बरं, मग तसं लेटरहेडवर लिहून द्या." लिहून द्यायची वेळ आली की हा नियम बहुधा ढिला पडतो.

हे दुखणं आजचं नाही. अमेरिकेत १९५८ साली कायदाच करावा लागला की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किंमत आणि जोडलेल्या वस्तूंच्या किमती छापील चिकटवायच्या. त्याआधी खरी किंमत काय, हे गिऱ्हाइकाला कळणं अवघड होतं.

जाहिरातीत एखादी गाडी नवल वाटावं इतकी स्वस्त दिसली, तर निघण्याआधी तिचा चेसिस नंबर मागा आणि ती आज उभी आहे का ते लेखी विचारा. नाहीतर पोचल्यावर "अरेरे, सकाळीच गेली हो. पण ही बघा, थोडीच वर आहे" हे ऐकायला तयार राहा.

पायरी ३: टेबलासमोर

खुर्चीत टेकता टेकता पहिला प्रश्न येतो, "महिन्याला साधारण किती जमेल?" अगदी काळजीने विचारलेला वाटतो. याचं उत्तर द्यायचं नाही. "हप्त्याचं माझं मी बघतो, आधी गाडीची किंमत बोलू," एवढंच म्हणा आणि प्रश्न पुन्हा आला तर हेच वाक्य पुन्हा म्हणा.

याचं कारण साधं आहे. हप्ता कितीही खाली आणता येतो, मुदत लांबवायची. तेच १०० चं कर्ज घटत्या शिल्लकेवर १० टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलं तर हप्ता ३.२३ आणि एकूण व्याज साधारण १६. तेच सात वर्षांचं केलं की हप्ता १.६६, जवळपास निम्मा. गिऱ्हाईक खूश. व्याज मात्र ३९. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गाडी विकायची वेळ आली तर तिच्या किमतीहून देणंच जास्त निघण्याची भीती वेगळी.

दुसरी युक्ती चार चौकोनांची. विक्रेता कोरा कागद घेतो, मधोमध एक उभी आणि एक आडवी रेघ मारतो. एका चौकोनात गाडीची किंमत, दुसऱ्यात तुमच्या जुन्या गाडीचे पैसे, तिसऱ्यात सुरुवातीला भरायची रक्कम, चौथ्यात मासिक हप्ता. मग जाड मार्कर सारखा या चौकोनातून त्या चौकोनात उड्या मारत राहतो. आकडे खोडले जातात, वर नवे लिहिले जातात, गोल काढले जातात. दहा मिनिटांनी कागद इतका बरबटतो की कुठून काय वजा झालं ते लिहिणाऱ्यालाच कळतं.

समजा नव्या गाडीची छापील किंमत १०० आहे आणि मागितली असती तर ती ९४ ला मिळाली असती. तुमच्या जुन्या गाडीचे बाहेर ३० येतात. विक्रेता म्हणतो, "तुमच्या गाडीचे ३५ देतो, दुसरं कुणी देणार नाही." खरंच आहे, दुसरं कुणी देणार नाही. तुम्ही पाचच्या आनंदात असताना नव्या गाडीच्या १०० वर चर्चाच होत नाही. मिळाले ५, गेले ६.

म्हणून जुनी गाडी द्यायची असली तरी पहिल्या भेटीत तिचं नाव काढू नका. विचारलंच तर "अजून ठरलं नाही." नव्या गाडीची किंमत लेखी पक्की झाली की मगच विषय काढा, आणि त्याआधी तिचा बाहेरचा भाव दोन ठिकाणी काढून ठेवा. अजून एक बारीकशी गोष्ट: जुनी गाडी 'तपासायला' म्हणून किल्ली घेतात आणि ती लवकर परत येत नाही. किल्ली त्यांच्याकडे म्हणजे तुम्ही खुर्चीत. तपासून झालं की लगेच मागून खिशात टाका.

घाईची वाक्यं तर सगळ्यांना माहीत असतात. "ही किंमत आजच्यापुरती." "एवढा एकच पीस उरलाय, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय." ती दुसरी पार्टी बऱ्याचदा माझा सहकारीच असायचा, पलीकडच्या टेबलावरून माझ्याच मोबाइलवर फोन करणारा. महिनाअखेरचं टार्गेट मात्र खरं असतं आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत विक्रेता खरोखर जास्त सोडतो. त्याचा फायदा घ्या. पण आधीची तयारी झालेली असेल तरच, नाहीतर त्याच्या घाईत तुम्ही ओढले जाल.

आणि उठून निघता येतं, हे विसरू नका. भांडण नको, टोमणे नकोत. "विचार करून कळवतो," म्हणायचं, नंबर द्यायचा आणि दाराकडे चालायला लागायचं. आमच्याकडे शेवटचा भाव दारापाशीच निघायचा. पार्किंगपर्यंत मागे धावलेले दिवसही मला आठवतात. कुणी मागे आलं नाही, तर तो भाव खरोखरच शेवटचा होता. तीही माहितीच.

पायरी ४: चालवून बघताना

ज्या व्हेरियंटची गाडी घेणार तीच चालवायला मागा. वरच्या व्हेरियंटची डेमो गाडी देऊन "सगळं सेमच असतं" म्हणण्याची पद्धत आहे. इंजिन, गिअर, टायर यांत फरक असू शकतो. रस्ता तुम्ही ठरवा. एक चढ, थोडा खडबडीत भाग, थोडी गर्दी हवी. विक्रेता गाणी लावेल आणि अखंड बोलत राहील. गाणी बंद करा, थोडा वेळ पंखाही बंद करा आणि म्हणा, "पाच मिनिटं जरा ऐकू द्या."

पायरी ५: गाडी जुनी असेल तर

नव्या गाडीत फसवणूक कागदावर होते, जुन्या गाडीत लोखंडावरसुद्धा. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहून दाखवलं की विकणाऱ्याला गाडीची खोड ठाऊक आणि घेणाऱ्याला नाही, अशी स्थिती असली की सगळ्याच गाड्यांचा भाव पडतो आणि मग चांगली गाडी असलेला माणूस ती बाजारात आणेनासाच होतो. त्या कामासाठी त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आपल्यापुरता अर्थ असा, की भाव फारच गोड असेल तर आधी खोड शोधायची.

सुरुवात फोनपासून. जाहिरात 'घरगुती वापरातली, मालकाकडून थेट' अशी असेल तर फोन करून एवढंच म्हणा, "गाडीच्या जाहिरातीवरून बोलतोय." पलीकडून "हो, कुठली गाडी?" असं आलं, तर तो घरगुती मालक नाही. त्याच्याकडे चार गाड्या आहेत आणि मालक असल्याचं नुसतं सोंग आहे. नोंदणीच्या कागदावरचं नाव, त्याच्या ओळखपत्रावरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्यावरचं नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. "मित्राची आहे, तो परगावी असतो" हे कारण ऐकून घ्या आणि मित्र परत येईपर्यंत थांबा. गाडीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का, हेही नोंदणीच्या दप्तरातून काढता येतं.

ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर तुमच्यासाठी इंजिन आधीच चालू करून ठेवलेलं होतं. थंड इंजिनच आपली रड सांगतं: सुरू व्हायला वेळ लागणं, खडखड, निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, दाट पांढरा धूर निघतच राहिला तर कूलंट आत शिरत असण्याची शंका.

मग किलोमीटर. आकडा डिजिटल झाला म्हणून मागे फिरवता येत नाही, हा गैरसमज आहे. म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि झीज बघा. ब्रेकच्या पायडलचं रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगची वरची कातडी चकाकतेय, चालकाच्या सीटची दाराकडची कड बसलीय, आणि मीटर म्हणतं २०,००० किलोमीटर? जुळत नाही. उलटही बघा. सगळं जुनं आणि पायडलचं रबर तेवढं कोरं करकरीत, तर ते कुणीतरी मुद्दाम बदललं. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं रीडिंग असतं. बिलं तारखेनुसार मांडा, आकडा मध्येच कुठे खाली उतरतोय का बघा.

टायरच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार अंक म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ही ओळ कधीकधी टायरच्या आतल्या बाजूला असते. टॉर्च घेऊन वाकावं लागतं, लाजू नका. गाडी 'फार कमी चाललेली' आणि चारही टायर तिच्यापेक्षा बरेच नवे, तर पहिले टायर कुठे झिजले, हा प्रश्न विचारायचाच.

चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. तो गाडीत एकाहून जास्त ठिकाणी असतो. सगळीकडे तोच आहे का आणि कागदाशी जुळतो का ते अक्षर अक्षर वाचून बघा. आजूबाजूला वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर पुढे बोलूच नका.

अपघात झालेली गाडी उन्हात ओळखू येते. दोन पत्र्यांमधली फट डावीकडे एक आणि उजवीकडे वेगळी. बॉनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. बाकी गाडीवर तेवढा आणि एकाच दरवाजावर दुप्पट-तिप्पट आला, तर खाली पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचा असतो, त्यावर हे यंत्र लावून काही कळणार नाही.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीची मला स्वतःला सगळ्यात जास्त धास्ती. ती धुऊन-पुसून सुगंध मारून उभी करतात आणि वायरिंग महिन्या-दोन महिन्यांनी सडायला लागतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारे लोक दिसणारा पट्टा धुतात. गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर भागावर गढूळ पाण्याची रेघ राहून जाते. सीटखालच्या बोल्टांवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ, हेडलाइटच्या आत धुकं. यातलं एखादं इतर कारणानेही होऊ शकतं. दोन-तीन एकदम दिसली तर घरी जा.

शेवटी मेकॅनिक. आपला, विक्रेत्याने सुचवलेला नव्हे. गाडी लिफ्टवर चढवून बघू द्या आणि त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकात नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र, लावायला सांगा. नुसते एरर कोड नाहीत म्हणून खूश होऊ नका. विकण्याआधी कोड पुसून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस नेहमीसारखी चालावी लागते. स्कॅनरवर 'रेडिनेस' नावाखाली बऱ्याच चाचण्या अपूर्ण दिसल्या, तर एक तर बॅटरी नुकती काढली होती किंवा कोड नुकते पुसलेत. मालकाला विचारा, आणि आठवडाभराने पुन्हा स्कॅन करा.

मेकॅनिककडे न्यायलाच नकार मिळाला तर बाकीचं काही तपासायची गरज नाही.

पायरी ६: टोकन आणि कागद

टोकन देताना पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, ठरलेली एकूण किंमत, गाडी द्यायची तारीख आणि 'व्यवहार न झाल्यास रक्कम किती दिवसांत परत' हे सगळं लिहून घ्या. शेवटची ओळ लिहायला कुरकुर होते. ती लिहिली नाही तर टोकन देऊ नका.

यानंतर तुम्हाला कर्ज-विम्याच्या टेबलावर नेतात. तोवर तीन-चार तास झालेले असतात, मुलं कंटाळलेली असतात, आणि किंमत ठरली म्हणून तुम्ही सैल झालेले असता. पैसे इथेच निसटतात. वाढीव वॉरंटी, रंगावर कोटिंग, गाडीखाली कोटिंग, टायरमध्ये नायट्रोजन, एकेक म्हणत यादी वाढते, आणि प्रत्येक वेळी "हप्त्यात फक्त एवढेच वाढतील." साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे तिथे कुणी सांगत नाही. वाढीव वॉरंटी एखाद्याला उपयोगी पडेलही, पण ती त्याच दिवशी घ्यावी लागत नाही. अटींचा कागद घरी न्या, काय काय वगळलंय ते वाचा.

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. "आम्ही नंतर भरतो, सगळे असंच करतात" याला उत्तर, "मी बसतो, तुम्ही भरा." छापील रक्कम आणि पायरी २ मध्ये मिळालेली लेखी फोड शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट, मग ती मॅट असो की पहिली मोफत सर्व्हिस, बिलावर किंवा वेगळ्या कागदावर सहीनिशी आली पाहिजे.

कर्ज पक्कं मंजूर झाल्याचं पत्र हातात येण्याआधी गाडी घरी नेऊ नका. काही ठिकाणी गाडी मोठ्या कौतुकाने देऊन टाकतात, आठवड्याने फोन येतो, "तो दर मंजूर झाला नाही, जरा वरच्या दराने पुन्हा सही करावी लागेल." तोवर तुमची जुनी गाडी विकली गेलेली असते आणि नवी शेजाऱ्यांनी बघितलेली असते. कोण परत करणार?

पायरी ७: ताबा घेताना

शेवटचे पैसे भरण्याआधी, आणि दिवसाउजेडी. अंधारात किंवा पावसात गाडी घेऊ नका, ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही. चेसिस नंबर बिलाशी जुळवा. बनवल्याचा महिना आणि वर्ष बघा; यार्डात आठ-दहा महिने उभी असलेली गाडी 'फ्रेश स्टॉक' म्हणून खपवली जाते. जुना स्टॉक घेण्यात गैर काही नाही, पण मग त्याची सूट मिळायला हवी आणि बॅटरी, टायर तपासून. ब्रेकच्या डिस्कवर हलकासा गंज दिसला तर घाबरू नका, तो पहिल्या काही ब्रेकमध्ये जातो. किलोमीटर किती? वाहतुकीतले थोडे असणारच, शंभर-दोनशे असतील तर ती डेमोला फिरली का, ते विचारा. दुसरी किल्ली, जॅक, पाना, स्टेपनी, पुस्तिका हातात घेऊन मोजा.

पायरी ८: गाडी घरी आल्यावर

पुष्कळांना वाटतं की पसंत पडली नाही तर तीन दिवसांत गाडी परत करता येते. अमेरिकेत तीन दिवसांत व्यवहार रद्द करण्याचा एक नियम आहे, पण शोरूममध्ये जाऊन घेतलेल्या गाडीला तो लागू होत नाही. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते सही करण्याआधी बघा, नंतर नव्हे.

फसवणूक झाल्याचं लक्षात आलं तर शोरूममध्ये जाऊन आरडाओरडा करू नका. त्याची तिथे सवय असते. आधी एका कागदावर तारीखवार लिहा: कोण, कधी, काय म्हणालं, किती भरले. मेसेज आणि पावत्यांच्या प्रती काढा. मग विक्रेत्याच्या मॅनेजरला लेखी तक्रार, उत्तर द्यायला ठरावीक मुदत, तिची प्रत गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला. मुदत उलटली की ग्राहक तक्रारीच्या यंत्रणेकडे. कंपनीला प्रत गेली की शोरूममधली हालचाल एकदम वाढते, हे मी आत बसून बघितलंय.

आणि एक छोटं हत्यार तुमच्या हातात उरतं. गाडी दिल्यावर काही दिवसांत कंपनीकडून अभिप्रायासाठी फोन किंवा मेसेज येतो. त्याच्या आदल्या दिवशी विक्रेत्याचा फोन येईल, अतिशय गोड आवाजात, "तेवढे दहापैकी दहा सांगा हां, नऊसुद्धा चालत नाहीत." ते मात्र शंभर टक्के खरं आहे. आमच्याकडे नऊ आले की इन्सेंटिव्ह कापला जायचा. तेव्हा जे राहून गेलंय, दुसरी किल्ली असो, कबूल केलेल्या मॅट असोत, उरलेल्या टोकनचा परतावा असो, ते त्याच फोनवर शांतपणे मोजून दाखवा. माझ्या शेवटच्या महिन्यात एक आजोबा मला म्हणाले होते, "बेटा, किल्ली घेऊन ये, दहा सांगतो." संध्याकाळी मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन किल्ली देऊन आलो.